'द वॉल'चं पारायण: नव्या श्रोत्यासाठी, ग्वाल्हेरच्या घरात

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा 'द वॉल' हा अल्बम ब्रिटनमध्ये ३० नोव्हेंबर १९७९ रोजी बाजारात आला. दोन तबकड्या, चार बाजू, २६ गाणी, सुमारे ८१ मिनिटं. याचा नाद लागलेला माणूस बहुधा एकाच वाटेनं जातो. 'अनदर ब्रिक इन द वॉल'चा दुसरा भाग आणि 'कम्फर्टेबली नम' ही दोन गाणी तो शेकडो वेळा ऐकतो आणि चौथी बाजू त्याची कधी धड ऐकूनच होत नाही. गाणी पाठ होतात, अल्बम अनोळखी राहतो.

म्हणून इथं पारायण हा शब्द मुद्दाम वापरला आहे. पारायणात ग्रंथ पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत क्रमानं वाचतात, आवडता अध्याय तेवढा उघडून बसत नाहीत. ग्वाल्हेरच्या मराठी घरांना दुसरी एक तुलनाही सहज पटेल. ग्वाल्हेर गायकीत बंदिश आधी अस्थायी-अंतऱ्यासकट पूर्ण मांडतात, बढत, म्हणजे तिचा विस्तार, त्यानंतर. या अल्बमलाही हाच न्याय लावायचा: आधी सगळी बंदिश, मग एकेका अंगाची बढत. प्रत्येक फेरीत कानाला एकच काम द्यायचं. एकाच फेरीत शब्द, सूर, ताल, आवाज सगळं पकडायला गेलात तर दहाव्या फेरीलाही तेवढंच ऐकू येईल जेवढं पहिल्या फेरीला आलं होतं.

आधी प्रत तपासा

या अल्बममधली बहुतेक गाणी एकमेकांत मिसळतात. एका गाण्याच्या शेवटचा आवाज दुसऱ्या गाण्याच्या पोटात शिरतो. त्यामुळे दोन गाण्यांत अर्ध्या सेकंदाची फट पडली तरी घडी विस्कटते. आधी ही फट घालवा.

स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तर सेटिंगमध्ये चार गोष्टी बघा. शफल बंद. क्रॉसफेड शून्यावर, नाहीतर अ‍ॅप आपल्या मनानं दोन गाण्यांची टोकं एकमेकांवर चढवतं. ऑटोप्ले बंद, कारण शेवटचं गाणं संपताच अ‍ॅप भलतंच काहीतरी वाजवू लागतं आणि या अल्बमचा शेवट हा त्याचा सर्वांत नाजूक भाग आहे. चौथी गोष्ट आवाज समान करणारं नॉर्मलायझेशन. ते प्रत्येक गाण्याला वेगळं लागत असेल तर बंदच करा, कारण मग 'व्हेरा'सारखं हळू गाणं वर उचललं जातं आणि त्याच्या पुढेमागे मुद्दाम ठेवलेले चढउतार सपाट होतात. फुकटच्या योजनेत मध्येच जाहिरात येत असेल तर त्यावर पारायण होणार नाही. ८१ मिनिटांत एक जाहिरात आली तरी ती फेरी वाया गेली असं समजा.

एमपीथ्री फाइली असतील तर फट कुठून येते ते समजून घ्या. एमपीथ्रीमध्ये ध्वनी ठरावीक तुकड्यांत साठवला जातो. एका तुकड्यात ११५२ नमुने, म्हणजे सीडीच्या वेगाला सुमारे २६ मिलिसेकंद. गाणं तुकड्यांत बरोबर बसत नाही, म्हणून पुढेमागे शांतता भरली जाते. काही प्लेअर ती कापून टाकतात, काही तशीच वाजवतात. सीडीवरून फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवणाऱ्या फाइलींत, उतरवलेल्या फाइलींना हा दोष नसतो.

सीडी दोन असतात आणि दोन्हींवर १३-१३ गाणी. दोन्हींच्या फाइली एकाच फोल्डरमध्ये टाकल्या की ०१, ०१, ०२, ०२ असा क्रम लागतो आणि गोष्टीची खिचडी होते. फाइलींना ०१ ते २६ असे सलग क्रमांक द्या. एकअंकी क्रमांकापुढचं शून्य विसरू नका, नाहीतर काही प्लेअर १ नंतर १० वाजवतात. आणखी एक खाचखळगा: पहिलं गाणं 'इन द फ्लेश?' असं प्रश्नचिन्हासह आहे आणि एकविसावं 'इन द फ्लेश' प्रश्नचिन्हाविना. विंडोजमध्ये फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. क्रमांक नसतील तर दोघांची नावं एकच होतात आणि एक फाइल दुसरीवर जाऊन बसते. २६ ऐवजी २५ गाणी दिसली तर आधी हेच बघा.

जुनी तबकडी विकत घेत असाल तर दोन गोष्टी पाहून घाबरू नका. आतल्या पाकिटावर छापलेल्या शब्दांत 'हे यू' तिसऱ्या बाजूच्या शेवटी दिसतं, तबकडीवर मात्र ते त्या बाजूचं पहिलं गाणं आहे. 'व्हॉट शॅल वुई डू नाऊ?' या गाण्याचे शब्दही छापलेले आहेत आणि ते गाणं तबकडीवर नाहीच. तुमची प्रत खोटी नाही. निर्माता बॉब एझ्रिननं क्रमाचा बदल अगदी शेवटच्या घटकेला सुचवला आणि पाकिटं आधीच छापून झाली होती. तपासायची खरी जागा तिसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं. ते 'कम्फर्टेबली नम' आहे, म्हणजे खोबणीच्या सर्वांत आतल्या वर्तुळांत आलेलं. आत जाऊ तसं एका फेऱ्यात सुईच्या वाट्याला अंतर कमी येतं आणि आवाज फाटण्याची शक्यता वाढते. त्यातून हेच गाणं लोकांनी सर्वांत जास्त झिजवलेलं असतं. विकत घेण्याआधी तेवढं एक गाणं लावून ऐका. शेवटचं गिटारवादन खरखरत असेल तर बाकीच्या तीन बाजू कितीही स्वच्छ असोत, पैसे देऊ नका.

ग्वाल्हेरची धूळ आणि मे महिन्याची लू तबकडीला मानवत नाही. प्रत्येक बाजू लावण्याआधी कार्बन तंतूंचा ब्रश खोबणीच्या दिशेनं दोन फेरे फिरवा. तबकड्या उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका. माळ्यावर, गच्चीलगतच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या असलेल्या गाडीत त्या तासाभरातही वाकतात.

खोली, हेडफोन आणि आवाज

ग्वाल्हेरच्या जुन्या लष्कर भागातल्या दगडी घरांत छत उंच, भिंती टणक. अशा खोलीत आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि शब्द घोळतात. टाळी वाजवून बघा. मागे झणझण ऐकू आली तर खाली सतरंजी किंवा जाजम अंथरा आणि स्पीकरच्या समोरच्या भिंतीवर, म्हणजे तुमच्या पाठीमागे, जाड गोधडी टांगा. एवढ्यानं बराच फरक पडतो. दोन स्पीकर एकमेकांपासून दोन मीटरवर आणि तुमचं आसन दोन्हींपासून तेवढ्याच अंतरावर ठेवा. स्पीकर मागच्या भिंतीला चिकटवू नका. फूटभर तरी पुढे ओढा, नाहीतर खर्ज फुगतो.

एका डब्याचा ब्लूटूथ स्पीकर इथं कामाचा नाही. या अल्बममध्ये डाव्या आणि उजव्या कानाला वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत आणि त्या डब्यात दोन्ही एकत्र कालवल्या जातात. त्यापेक्षा साधे तारेचे हेडफोन बरे. डावा डाव्याच कानाला आहे ना, हे दर वेळी बघा.

उन्हाळ्यात कूलरचा घोंघाट हळू जागा गिळून टाकतो. एप्रिल ते जून पहाटे ऐका किंवा कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावा. पारायणाचा खरा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पंखा बंद, कूलर बंद, रात्र शांत. तानसेन समारोहाचे दिवस तेवढे सोडा. त्या आठवड्यात कानाला दुसरं काम असतं.

आवाजाची पातळी ठरवताना नवा माणूस हमखास फसतो. अल्बम अतिशय हळू सुरांनी सुरू होतो. ते ऐकू येत नाहीत म्हणून तो आवाज वाढवतो आणि काही सेकंदांतच सगळा वाद्यमेळ अंगावर कोसळतो. कान बधिर होतात, पुढची दहा मिनिटं वाया जातात. यासाठी आधी पहिल्या गाण्याचा मोठा भाग लावा, तो भरदार पण सहज सोसवेल इतका ठेवा, मग मागे जाऊन सुरुवातीपासून चालू करा. सुरुवातीचे सूर जेमतेम ऐकू आले पाहिजेत. ते तसेच ठेवलेले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबल मात्र फक्त ४ तास. ९० वर ऐकलंत तर आठवड्याला तीन फेऱ्याही पुऱ्या होणार नाहीत.

आधी एवढंच माहीत असू द्या

गोष्ट पिंक नावाच्या गायकाची आहे. त्याचे वडील युद्धात मारले गेले, आईनं जपून जपून गुदमरवलं, शाळेत मास्तरांनी चेचलं, लग्न मोडलं. प्रत्येक घाव ही एक वीट, आणि विटांची भिंत. दुसऱ्या बाजूच्या शेवटी भिंत पुरी होते, चौथ्या बाजूच्या शेवटी पडते. बँडमधल्या, बहुतेक सगळं लिहिणाऱ्या रॉजर वॉटर्सचे वडील इटलीत अँझिओच्या लढाईत फेब्रुवारी १९४४ मध्ये मारले गेले, तेव्हा तो काही महिन्यांचा होता. ६ जुलै १९७७ रोजी माँट्रियलच्या मैदानात गोंधळ घालणाऱ्या एका श्रोत्यावर तो थुंकला. आपल्या या वागण्याचा त्याला धक्का बसला, आणि गायक व श्रोते यांच्यात भिंत बांधण्याची कल्पना तिथून निघाली.

यापुढचे अर्थ, विश्लेषणं, गाण्यागणिक खुलासे तिसऱ्या फेरीपर्यंत वाचू नका. दुसऱ्याचा अर्थ एकदा कानात बसला की तो काढता येत नाही.

एक वही करा. २६ ओळी आखा, प्रत्येक गाण्याला एक. मोजणीचा नियम: बाजू हे एकक. ६, १३ आणि १९ व्या गाण्यानंतर बाजू संपते. बाजू अनुक्रमे सुमारे २०, १९, २० आणि २२ मिनिटांच्या आहेत. मध्येच वीज गेली, पाहुणे आले, दूधवाला आला, तर त्या गाण्यापासून पुढे जाऊ नका, बाजू पहिल्यापासून लावा. 'द हॅपिएस्ट डेज ऑफ अवर लाइव्हज' पावणेदोन मिनिटांचं आहे आणि थेट 'अनदर ब्रिक'च्या दुसऱ्या भागावर जाऊन आदळतं. त्या धडकेशिवाय ते प्रसिद्ध गाणं अर्धंच आहे.

फेऱ्या

दोन फेऱ्यांत निदान तीन दिवस जाऊ द्या. रोज ऐकलं की मेंदू पुढचं आधीच वाजवू लागतो आणि कान झोपतात.

पहिली फेरी पूर्ण, दिवा मालवून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. शब्द समोर नकोत. तेराव्या गाण्यानंतर दहा मिनिटं थांबायला हरकत नाही, भिंत तिथं पुरी झालेली असते. त्या दहा मिनिटांत दुसरं काही ऐकू नका. फेरी संपल्यावर वहीत प्रत्येक गाण्यापुढे आठवेल तो एकच शब्द लिहा. निम्म्या ओळी कोऱ्या राहतील, राहू द्या. पाचव्या फेरीनंतर त्या कोऱ्या ओळींकडे बघायचं आहे.

दुसरी फेरी शब्दांसह. छापील शब्द हातात घ्या, पडद्यावर सरकणारे नकोत, कारण पडद्यावर डोळा ओळीला चिकटून राहतो आणि मागचंपुढचं दिसत नाही. या फेरीचं काम एकच: कोण बोलतंय? पिंक, आई, मास्तर, डॉक्टर, बायको, न्यायाधीश. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीनं अक्षर घाला. 'मदर'मध्ये प्रश्न वॉटर्स विचारतो, उत्तर बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मरच्या आवाजात येतं. 'कम्फर्टेबली नम'मध्ये डॉक्टर वॉटर्सच्या आवाजात आणि पिंक गिल्मरच्या. हे एकदा लक्षात आलं की ते गाणं गोड वाटेनासं होतं. तो दोन माणसांचा संवाद आहे आणि त्यातला एक दुसऱ्याला टोचून रंगमंचावर उभा करायला आलेला आहे. 'द ट्रायल'मध्ये वॉटर्स एकटा सगळी पात्रं बोलतो. तिथं आवाज बदलला की पात्र बदललं, एवढी खूण पुरते.

तिसरी फेरी सुरांची. ग्वाल्हेरच्या कानाला इथं मोठी सोय आहे. पेटी घ्या किंवा तानपुऱ्याचं अ‍ॅप पांढरी दोनला लावा. 'अनदर ब्रिक'ची चाल सा, रे, कोमल ग, रे अशी चालते. अल्बमचा कणा हे चार स्वर आहेत. तीन भागांत ते उघड येतात. मग 'हे यू'च्या मध्ये गिटारवर येतात, तिथं सा पांढरी तीनवर गेलेला असतो. 'वेटिंग फॉर द वर्म्स'च्या शेवटी तेच कवायतीसारखे, वाढत वाढत, छातीवर येतात. प्रत्येक वेळी वहीत खूण करा: कुठं आले, कोणत्या वाद्यावर, सा कुठं. या एका फेरीनं अल्बम जेवढा उलगडतो तेवढा शब्दांच्या तीन फेऱ्यांनी उलगडत नाही, असं आमचं ठाम मत आहे. 'अनदर ब्रिक'मध्ये ग आणि नी कोमल, बाकी शुद्ध, म्हणजे काफी थाटाचे स्वर लागतात. पण त्यात काफी राग शोधत बसू नका, चलन वेगळं आहे.

'कम्फर्टेबली नम'ला पेटी पांढरी सातला लावा. डॉक्टर बोलतो तेव्हा सा तिथं आहे. पिंक गाऊ लागतो तेव्हा सा उठून पांढरी दोनवर जातो, स्वर मात्र जवळपास तेच राहतात. मूर्च्छना ज्यांनी शिकली आहे त्यांना ही जागा फार सुख देईल. गिटारचं पहिलं वादन पिंकच्या सुरावटीवर आहे, दुसरं, शेवटचं आणि लांबलचक, डॉक्टरच्या. दोन्हींच्या रंगात इतका फरक का, ते इथून कळतं.

सूर जुळले नाहीत तर दोन कारणं शोधा. जुन्या पेट्या बऱ्याचदा मूळ पट्टीतून ढळलेल्या असतात, म्हणून आधी अ‍ॅपशी ताडून बघा. तबकडी वाजवत असाल तर वेग तपासा. वेगात सुमारे ६ टक्क्यांचा फरक पडला की सूर पूर्ण अर्ध्या स्वरानं सरकतो, पांढरी दोनचं गाणं वेग वाढला तर काळी दोनला, घटला तर काळी एकला लागतं. पट्टा ताणला किंवा सैल झाला असेल तर तो बदला.

चौथी फेरी आवाजांची. विमानाची झेप आणि तान्ह्या बाळाचं रडणं, हेलिकॉप्टर, टेलिफोन, दूरचित्रवाणी, फुटणाऱ्या वस्तू. गाण्यांना जोडणारा सांधा म्हणून हे आवाज वापरले आहेत आणि प्रत्येक आवाज पुढच्या गाण्याची बातमी आधी देतो. 'यंग लस्ट'च्या शेवटी पिंक घरी फोन लावतो आणि पलीकडून परका पुरुष उचलतो. त्यातली ऑपरेटर खरी होती, तिला ध्वनिमुद्रण चालू असल्याचं ठाऊक नव्हतं. लग्न मोडल्याचं त्या गाण्यात कुणी तोंडानं सांगत नाही. सगळं त्या फोनवरच कळतं.

पाचवी फेरी तालाची. 'मदर'ला टाळी धरून बघा. मात्रा मध्येच कमीजास्त होतात, सम हुकते. हुकली तर तुमचा दोष नाही. फ्लॉइडचा ढोलवादक निक मेसनला हे गाणं जमेना म्हणून त्या जागी जेफ पोरकारोनं वाजवलं आहे. शब्दांच्या लांबीप्रमाणे मात्रा ओढल्या आहेत, तेव्हा टाळी सोडून शब्दांच्या मागे चाला, वजन आपोआप सापडेल. याउलट 'अनदर ब्रिक'चा दुसरा भाग सरळ नाचाच्या ठेक्यावर आहे. ती एझ्रिनची सूचना. दुसऱ्या कडव्यातली मुलं लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेची, २३ जण. तोच तुकडा बैठकीत शाळेतल्या मुलांना ऐकवून बघा, पाय हलल्याशिवाय राहत नाहीत.

सहावी फेरी उलटा निरोप शोधण्याची, आणि ती फक्त 'एम्प्टी स्पेसेस' या एका गाण्याची. शब्द सुरू होण्याच्या अगदी आधी डाव्या कानात कुणीतरी पुटपुटतं. संगणकावर ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर उघडा, स्वतःच्या सीडीवरून उतरवलेली फाइल त्यात आणा, दोन वाहिन्या वेगळ्या करा, डावी ठेवून उजवी बंद करा. पुटपुट आहे तो तुकडा निवडा आणि इफेक्टच्या यादीतलं रिव्हर्स लावा. सापडेल तो निरोप शोधणाऱ्याचं अभिनंदन करणारा आहे, पुढचं तुम्हीच ऐका. काहीच कळलं नाही तर बहुधा फाइल एकाच वाहिनीची आहे. मूळ फाइलीवर जतन करू नका, नाहीतर अल्बममध्ये एक गाणं कायमचं उलटं वाजेल.

चौथ्या बाजूबद्दल थोडं

विसाव्या गाण्यापासून पुढे औषधाच्या अमलाखालचा पिंक स्वतःला हुकूमशहा समजू लागतो. 'इन द फ्लेश', 'रन लाइक हेल' आणि 'वेटिंग फॉर द वर्म्स' यांत तो लोकांना जातीधर्मावरून, रंगावरून वेगळं काढतो, धमकावतो. भाषा घाण आहे. ती पात्राच्या तोंडची आहे आणि पुढे त्याच पात्रावर खटला चालतो. दुसरी फेरी नीट केली नसेल तर हा भाग ऐकून माणूस गोंधळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे नुसत्या ठेक्यावर हात उंचावतो. पहिलं गाणं आणि एकविसावं गाणं लागोपाठ लावून बघा. संगीत तेच आहे, पण भिंतीमागे इतका काळ काढलेला माणूस त्यातून काय बोलतो ते वेगळं आहे.

मन आधीच खचलेलं असेल तर हा अल्बम एकट्यानं, रात्री, पुन्हा पुन्हा लावू नका. दुसरी आणि तिसरी बाजू फार काळोखी आहे. ऐकून जड वाटणं वेगळं, आणि ऐकणं थांबवल्यावरही ते जडपण न उतरणं वेगळं. दुसरं होत असेल तर घरच्या माणसाशी बोला किंवा सरकारच्या टेली-मानसला १४४१६ वर फोन करा. अल्बम कुठं पळून जात नाही.

चौघांची बैठक

पाच फेऱ्या एकट्यानं झाल्यावरच इतरांना बोलवा. चारपेक्षा जास्त माणसं नकोत, कारण दोन स्पीकरच्या मधली नीट ऐकू येणारी जागा तेवढीच असते. गाण्याच्या बैठकीत दाद द्यायची आपल्याला सवय आहे. इथं ती बाजू संपेपर्यंत आवरा, नाहीतर नेमका सांधा बुडतो. चहा दोन तबकड्यांच्या मध्ये. शेजारी आजीआजोबा झोपत असतील तर चौथी बाजू नऊच्या आत संपेल अशा बेतानं साडेसातला सुरू करा.

चित्रपट आणि प्रत्यक्ष कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण यानंतर. अ‍ॅलन पार्करचा चित्रपट १९८२ चा, पिंकच्या भूमिकेत बॉब गेल्डॉफ. त्यात 'हे यू' आणि 'द शो मस्ट गो ऑन' नाहीत. 'व्हॉट शॅल वुई डू नाऊ?' मात्र आहे, ते पाकिटावर छापलेलं आणि तबकडीवर नसलेलं गाणं. चित्रपट आधी पाहिलात तर तुमच्या डोक्यातला पिंक कायमचा गेल्डॉफच्या चेहऱ्याचा होतो, म्हणून घाई नको. १९८०–८१ च्या लंडनच्या कार्यक्रमांचं ध्वनिमुद्रण २००० साली निघालं. त्या कार्यक्रमांत वाजवता वाजवता मंचावर पुठ्ठ्याच्या विटांची खरी भिंत उभी राहत असे आणि गिल्मर 'कम्फर्टेबली नम'चं शेवटचं वादन त्या भिंतीच्या माथ्यावर उभा राहून करत असे.

शेवटचा सांधा

ही फेरी अवघ्या पाच मिनिटांची आहे, पण आधी केलीत तर फुकट जाईल. एक यादी बनवा, त्यात दोनच गाणी: आधी सव्विसावं, 'आउटसाइड द वॉल', आणि लगेच पहिलं, 'इन द फ्लेश?'. फट शून्य आहे ना ते पुन्हा तपासा. हेडफोन लावा.

'आउटसाइड द वॉल'ची साधी चाल मुलांच्या आवाजात आणि क्लॅरिनेट, मँडोलिन, कॉन्सर्टिनावर येते. कॉन्सर्टिना म्हणजे आपल्या पेटीचं भावंड, तिच्यातही भात्याच्या हवेनं धातूच्या पट्ट्या बोलतात. भिंत पडलेली आहे. चाल विरत असताना एक माणूस हळूच एक वाक्य बोलू लागतो आणि ते मध्येच तुटतं. अल्बम तिथं संपतो. त्यापुढे लगेच पहिलं गाणं सुरू होतं: तीच चाल, तेवढीच हळू, आणि तोच माणूस तुटलेल्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग बोलतो. पहिल्या फेरीत जे सूर ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावासा वाटला होता ते हेच.

आता वही काढा, पहिल्या फेरीतल्या कोऱ्या ओळी भरा, आणि रिपीट चालू करून सातवी फेरी पहिल्या गाण्याऐवजी चौदाव्यापासून, म्हणजे 'हे यू'पासून सुरू करा. तेराव्यावर थांबा. भिंत आधी पडते, मग बांधली जाते.